एका ओळीत न मावणारे बापूजी अणे

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा. विदर्भातला जंगल सत्याग्रह, १० जुलै १९३०, ठिकाण पुसद, नेतृत्व कोणाचं? उत्तर पाठ असतं. लोकनायक बापूजी अणे. चार पर्यायांतला बरोबर पर्याय, एक मार्क, पुढचा प्रश्न.

यवतमाळच्या पोरींना हे नाव महिला महाविद्यालयाच्या पाटीवर रोज दिसतं. पण माणूस कोण होता, काय करत होता, कुणाशी भांडला, कुणाचं ऐकलं नाही, हे विचारलं की गाडी अडते. गंमत अशी की, ज्या गावाला आपण मागास म्हणत पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतो, त्याच गावात वकिली करणारा हा माणूस काँग्रेसचा हंगामी अध्यक्ष झाला, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसला आणि तिथून राजीनामा देऊन बाहेरही पडला. पुढे बिहारचा राज्यपाल झाला आणि ऐंशी ओलांडल्यावर लोकसभेची निवडणूक अपक्ष म्हणून जिंकला.

आणि या सगळ्या प्रवासात एकच प्रश्न त्याच्या पुढ्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. वेगवेगळ्या बोलीची, जातीची, धर्माची माणसं एका छपराखाली राहणार असतील, तर कुणाचा वाटा किती आणि तो ठरवायचा कसा? हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. तो ज्या मुलखात जन्मला, तिथे तो प्रश्न रोज बाजारात भेटायचा.

मालक एक, कारभारी दुसरा

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. वणी म्हणजे निर्गुडेच्या काठचं गाव. आज कोळशाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं, तेव्हा मात्र अख्ख्या जिल्ह्याला नाव देणारं. हो, आपला जिल्हा आधी वणी जिल्हा होता. इंग्रजी कागदांत त्याचं स्पेलिंग ‘वून’ असं व्हायचं. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ पडलं.

यवतमाळ हे नावही सरळ नाही. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त ते योत-लोहारा असं येतं. योत म्हणजे यवत आणि लोहारा म्हणजे शेजारचं लोहारा. पुढचा ‘माळ’ हा महालचा अपभ्रंश, महाल म्हणजे परगणा, असं जुनं गॅझेटियर सांगतं. म्हणजे नावातच मराठी गाव आणि मोगली कारभार शेजारी शेजारी बसलेत.

राज्य कोणाचं, हा तर आणखी अवघड मामला. वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचा. पण १८५३ च्या तहाने निजामाने तो फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये तो इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. तरी निजामाने आशा सोडली नव्हती. १९२० च्या दशकात त्याने वऱ्हाड परत मागितला, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ मध्ये नकार दिला. शेवटी १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी पदवी देऊन समजूत घातली गेली. शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी, नावापुरता मालक हैदराबादला आणि प्रांताची राजधानी नागपूरला, जिथे अर्धा प्रांत हिंदी बोलणारा. अशा गावात वाढणाऱ्या पोराला आपण कोणाचे, हा प्रश्न पडणारच.

पोड, तांडा आणि पेठ

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला वर्धा नदी, पलीकडे चंद्रपूर. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे मराठवाडा आणि तेलंगण. मधल्या डोंगररांगांत कोलामांचे पोड आणि गोंडांची गावं. पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे. पुसद-उमरखेडच्या बाजूला आंध. वणी, झरी, पांढरकवडा या पट्ट्यात तेलुगू बोलणारी घरं. आणि सगळीकडे वऱ्हाडी बोलणारा कास्तकार.

याला जोड मिळाली कापसाची. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर गेली. कापूस आला तसे व्यापारी आले, जिनिंग-प्रेसिंग आलं, मारवाडी आणि गुजराती पेढ्या आल्या. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे टाकली गेली ती याच कापसासाठी. तीच आपली शकुंतला. उर्दू, मारवाडी, गुजराती, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरबोली आणि वऱ्हाडी. बाजारात एवढ्या भाषा कानावर पडायच्या. अजूनही पडतात, आपण ऐकत नाही एवढंच.

पण म्हणून सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं समजू नका. पेढीवर बसणारा एक, कर्जात बुडणारा दुसरा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एक आणि त्याच जंगलाची पावती फाडणारा तिसरा. सगळे एका बाजारात होते, पण सगळ्यांचं वजन सारखं नव्हतं.

माधवराव शिकायला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पदवी कलकत्ता विद्यापीठाची, कारण तेव्हा नागपूरला विद्यापीठच नव्हतं. काही वर्षं अमरावतीत शाळामास्तरकी केली, कायद्याची परीक्षा दिली आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळात वकिली सुरू केली. मुंबई-नागपूरचं मोठं कोर्ट सोडून जिल्ह्याच्या गावी बसायचं, हे आजच्या भाषेत करिअरला ब्रेक लावणं. पण अशा जिल्ह्यात वकिली करणं म्हणजे रोज नव्या माणसाची नवी अडचण समजून घेणं. कुळ, सावकार, जंगलखातं, वारसाहक्क. दोन्ही बाजू ऐकायची सवय तिथे लागत असणार.

राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे. होमरूलच्या चळवळीत वऱ्हाड टिळकांच्या मागे उभा राहिला, त्यात बापूजी पुढे होते. १९१८ मध्ये त्यांनी यवतमाळातून ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढलं. नाव टिळकांनी दिलं, असं सांगितलं जातं. टिळक १९२० मध्ये गेले आणि काँग्रेसची सूत्रं गांधीजींकडे आली. वऱ्हाडातल्या टिळकभक्तांना कायदेमंडळांवरचा बहिष्कार पटत नव्हता. बापूजींनाही नाही. तरीही ते काँग्रेसमध्येच राहिले आणि १९२१ पासून १९३० पर्यंत वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. म्हणजे नेत्याशी मतभेद आणि संघटनेची जबाबदारी, दोन्ही एकाच खांद्यावर. दरम्यान ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळातही निवडून गेले. नेत्याच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणं म्हणजेच निष्ठा, असं त्यांना कधी वाटलं नाही. पुढे याची किंमतही त्यांनी मोजली.

समुद्र नाही, मग मीठ कुठून आणायचं?

१९३०. गांधीजी दांडीला गेले, देशभर मिठाचा कायदा मोडला जाऊ लागला. पण विदर्भात समुद्र कुठे? मीठ बनवायचं कशाचं? मग इथल्या माणसाला रोज टोचणारा कायदा कोणता, याचा शोध सुरू झाला. उत्तर घराबाहेरच होतं. जंगल.

इंग्रजांच्या वनकायद्याने डोंगरच्या डोंगर राखीव केले होते. गुरं चारायची तर फी, गवत कापायचं तर परवाना, लाकूड आणलं तर गुन्हा. कास्तकाराची बैलजोडी जगते गवतावर आणि शेती चालते बैलांवर. त्यामुळे गवताचा प्रश्न हा घराच्या चुलीचा प्रश्न होता. शहरातल्या सुशिक्षितांना कळेल आणि खेड्यातल्या माणसाला पटेल, असा हा कायदा होता.

बापूजींनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला आणि १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापलं. पन्नाशीला टेकलेला, संस्कृतात रमणारा, दिल्लीच्या सभागृहात भाषणं करणारा वकील विळा हातात घेतो आणि परवान्याशिवाय गवत कापतो. अटक झाली, शिक्षा झाली. पण पुसदची ठिणगी विझली नाही. जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात ठिकठिकाणी लोक जंगलात शिरले. त्याच सप्टेंबरात कोकणात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसं मेली.

हे सगळं अभिमानाचं आहेच. पण इथे थोडं थांबून एक गोष्ट बघायला हवी. जंगलावर सगळ्यात जुना हक्क ज्यांचा, त्या कोलाम आणि गोंडांना या लढ्यातून काय मिळालं? स्वातंत्र्यानंतरही वनकायदा तोच राहिला. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडावं लागलं, आणि आजही दाव्याची फाईल घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. पुसदला कापलेल्या गवताचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

कलकत्त्याचा तंटा, पुण्याचा निर्णय

सुटून आल्यावर बापूजी काँग्रेसच्या कार्यकारिणीत गेले आणि १९३१ मध्ये त्यांच्याकडे एक भलतंच काम आलं. बंगाल काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. एकीकडे सुभाषचंद्र बोस, दुसरीकडे जतींद्रमोहन सेनगुप्त. दोघेही मोठे, दोघांचेही कार्यकर्ते इरेला पेटलेले. हा तंटा सोडवायला लवाद म्हणून पाठवलं कोणाला? यवतमाळच्या वकिलाला. सुभाषबाबूंसोबत ते आधी एका समितीत बसले होते, तरी दोन्ही तटांना हा माणूस आपल्यातला नाही आणि परक्यातलाही नाही, असं वाटलं असावं. मध्यस्थाला एवढंच भांडवल लागतं.

१९३३ मध्ये मात्र भांडणात मध्यस्थ कोणी नव्हता, सगळा भार त्यांच्यावरच आला. काँग्रेस बेकायदा ठरलेली, मोठे नेते तुरुंगात आणि हंगामी अध्यक्ष बापूजी. मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि त्यांच्या सल्ल्याने बापूजींनी सविनय कायदेभंग सहा आठवडे स्थगित केला. लगेच टीका सुरू झाली. व्हिएन्नात उपचार घेत असलेले सुभाषबाबू आणि विठ्ठलभाई पटेल यांनी तिथून पत्रक काढलं आणि ही माघार म्हणजे नेतृत्वाचं अपयश असल्याचं सांगितलं. जुलैत पुण्यात कार्यकर्त्यांची परिषद झाली. त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून तो फक्त वैयक्तिक पातळीवर ठेवण्याचा निर्णय हंगामी अध्यक्षाच्या नावाने जाहीर झाला.

विचार करा. आंदोलन सुरू करण्याचं श्रेय मोठ्यांना मिळतं. ते थांबवण्याची घोषणा करावी लागते, तेव्हा सही कुणाची? शिव्या कुणाला? तरी सही करून ते घरी बसले नाहीत. पुढच्याच महिन्यात ते स्वतः वैयक्तिक कायदेभंगाला निघाले आणि त्यांनाही अटक झाली.

वाटा कसा द्यायचा?

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९२८ मध्ये भारतीयांनी स्वतःची राज्यघटना कशी असावी, हे लिहून दाखवण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तेजबहादूर सप्रू, अली इमाम, शुऐब कुरेशी, सरदार मंगलसिंग, ना. म. जोशी, सुभाषबाबू यांच्यासोबत बापूजी अणे त्या समितीत होते. समितीने सांगितलं की, धर्मावर आधारलेले वेगळे मतदारसंघ बंद करा. मतदार सगळे एकत्र ठेवा आणि अल्पसंख्याकांना जागा राखून द्या. प्रांतांची रचना करताना भाषेचा विचार करा.

फरक साधा वाटतो, पण आहे फार मोठा. वेगळ्या मतदारसंघात मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमान मत देणार, शिखाला फक्त शीख. उमेदवाराला शेजारच्या गल्लीत मत मागायला जायची गरजच नाही. एकत्र मतदारसंघात राखीव जागेवरच्या माणसालाही सगळ्यांच्या दारात जावं लागतं. यवतमाळसारख्या मिसळीच्या गावात राहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि वेगळे मतदारसंघ कायम ठेवले. अस्पृश्य समाजापुरता त्यात सप्टेंबरच्या पुणे कराराने बदल झाला. बाकीचा निवाडा तसाच राहिला. काँग्रेसने १९३४ मध्ये भूमिका घेतली की, आम्ही हा निवाडा स्वीकारत नाही आणि नाकारतही नाही. बापूजी आणि मदनमोहन मालवीय यांना ही मधली वाट मान्य नव्हती. दोघे बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. जो माणूस वर्षभरापूर्वी काँग्रेसचा हंगामी अध्यक्ष होता, तो काँग्रेसच्या विरोधात निवडणुकीत उतरला, निवडून आला आणि कायदेमंडळात आपल्या छोट्या गटाचा नेता झाला.

बापूजींचं बरोबर होतं का? सरळ हो म्हणता येणार नाही. आपण नेहमीच थोडे आणि समोरचे नेहमीच जास्त, असं ज्या समाजाच्या वाट्याला येतं, त्याची भीती खोटी नसते. डॉ. आंबेडकरांची वेगळ्या मतदारसंघाची मागणी अशाच अनुभवातून आली होती. बहुसंख्याकांच्या घरात जन्मलेल्याला एकत्र बसू या म्हणणं सोपं जातं. बापूजींच्या बाजूने एवढं म्हणता येईल की, त्यांनी अल्पसंख्याकांचा वाटा नाकारला नव्हता. राखीव जागा मान्य करणाऱ्या अहवालात त्यांचा हात होता. त्यांचा विरोध वाट्याला नव्हता, मधल्या भिंतीला होता.

दारात बसलेला उपोषणकर्ता

१९४१ मध्ये बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. खातं परदेशातल्या भारतीयांचं. जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं. आणि मग आला ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव झाला, गांधीजींसह सगळे नेते तुरुंगात गेले. ज्या सरकारने त्यांना पकडलं, त्याच सरकारच्या मंडळात बापूजी बसलेले.

त्याच महिन्यात वर्धा नदीच्या पलीकडे, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला. सरकारी माणसं मारली गेली. मग लष्कर आलं आणि गावावर, विशेषतः बायकांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या बाहेर येऊ लागल्या. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीची मागणी केली आणि नोव्हेंबरात ते थेट दिल्लीला, बापूजींच्या घरी पोचले. तुम्ही आमच्या भागातले, चिमूरला या आणि डोळ्यांनी बघा, एवढीच त्यांची मागणी होती. बापूजी गेले नाहीत. भन्साळींनी त्यांच्या दारातच उपोषण सुरू केलं. पोलिसांनी त्यांना उचललं, परत सेवाग्रामला पाठवलं. पण उपोषण पुढे ६३ दिवस चाललं, जानेवारी १९४३ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली, तेव्हाच सुटलं.

बापूजींच्या चरित्रातलं हे पान झाकायचं कारण नाही. आपल्या माणसांवर संकट आलं, तेव्हा आपला माणूस खुर्चीत होता आणि आला नाही. विदर्भातल्या अनेकांच्या मनात ही गोष्ट राहिली असणार.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण सुरू केलं. तब्येत ढासळत होती, सरकार सोडायला तयार नव्हतं. १७ फेब्रुवारीला मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. ज्या गांधीजींशी त्यांचे मतभेद वीसेक वर्षांचे, त्यांच्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली. चिमूरची भरपाई याने झाली का? ज्याने त्याने ठरवावं. खुर्चीपेक्षा मोठं काही असतं, हे मात्र त्यांना उशिरा का होईना, दाखवता आलं.

चहाच्या मळ्यांपासून पाटण्यापर्यंत

त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. तिथेही तोच प्रश्न उभा. चहाच्या मळ्यांत राबायला तमिळ मुलखातून नेलेली लाखो माणसं. पिढ्या तिथे गेल्या, पण ही माणसं कोणाची? मताचा हक्क मिळणार का? बापूजी परतल्यावर, १९४८ मध्ये स्वतंत्र सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि त्यातल्या बहुतेकांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. बाजारात सगळ्यांचं वजन सारखं नसतं, हे तिथे कायद्यानेच लिहून दिलं.

घटना समितीचे सदस्य आणि मग जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल. देशाची राज्यघटना लागू झाली, तेव्हा ते पाटण्याच्या राजभवनात होते. त्या घटनेत एकत्र मतदारसंघ होते आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागाही होत्या. १९२८ च्या अहवालातली वाट बरीच पुढे आली होती, आणि ती तिथवर आणण्यात मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांचा वाटा सगळ्यात मोठा होता.

पुन्हा आपल्या मुलखात

राज्यपाल झालेला माणूस निवृत्त होतो, शाली-श्रीफळं घेतो, आठवणी सांगतो. बापूजी पुन्हा भांडायला उभे राहिले. या वेळी विषय विदर्भाचा.

हा मुलूख आधी निजामाचा, मग इंग्रजांचा, मग हिंदी-मराठी मध्य प्रांताचा. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा, अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. मराठी माणसांचं एकच राज्य व्हावं, असं विदर्भातल्याही कित्येकांना वाटत होतं. भाषा एक असली तरी मुलखाचा इतिहास आणि गरजा वेगळ्या, मोठ्या राज्यात आपला वाटा हरवेल, असं बापूजींचं म्हणणं होतं. वेगळ्या विदर्भाचे दुसरे मोठे पुरस्कर्ते होते अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, घरचे मारवाडी. या मागणीचा आधार भाषा नव्हता, मुलूख होता, हे यावरूनही दिसतं.

या मुद्द्यावर बापूजी १९५९ मध्ये नागपूरच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि लोकसभेत गेले. १९६२ मध्ये पुन्हा, अपक्ष म्हणून. तेव्हा वय ८२ च्या घरात. मधल्या काळात १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला होता आणि विदर्भ त्यात होता. म्हणजे लढाई हरलेली होती, तरी लोकांनी त्यांना निवडून दिलं. वेगळा विदर्भ हवा की नको, यावर आजही आपल्या कट्ट्यावर दोन तट पडतात. पडू देत. पण अनुशेष, सिंचन, कापसाचा भाव हे शब्द निघाले की समजा, वाट्याचा तो जुना प्रश्न अजून जागा आहे.

मराठी, संस्कृत आणि मागे राहिलेलं

विदर्भासाठी भांडणारा हा माणूस मराठीशी परका होता असं मात्र कुणी म्हणू नये. १९२८ मध्ये ग्वाल्हेरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेरच्या शहरातलं संमेलन आणि अध्यक्ष यवतमाळचा वकील. मराठी ही एका राज्याची नव्हे, बोलणाऱ्यांची भाषा, हे त्यांच्या उदाहरणावरून सहज कळतं.

शेवटची वर्षं त्यांनी एका अफाट कामाला दिली. आपल्या गुरूचं, टिळकांचं चरित्र त्यांनी संस्कृत काव्यात लिहिलं, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, ते गेले. त्याच वर्षी पद्मविभूषण. आणि १९७३ मध्ये त्या ग्रंथाला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, लेखक जाऊन पाच वर्षं झाल्यावर. त्याच १९७३ मध्ये यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर.

बापूजींना देवघरात बसवायची गरज नाही. ते चुकले असतील, चिमूरला तर गेलेच नाहीत. पण ते कुठल्याच कळपात हरवले नाहीत. टिळकांचे असून गांधींच्या काँग्रेसमध्ये राहिले, काँग्रेसचे असून काँग्रेसविरुद्ध लढले, सरकारात जाऊन सरकारातून बाहेर पडले. प्रत्येक वेळी जुने मित्र दुखावले. आज एका पोस्टवरून माणसाची बाजू कायमची ठरवून टाकणाऱ्या आपल्या पिढीला हे जरा विचित्रच वाटेल.

पुढच्या वेळी वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजारात गेलात तर मोबाइल खिशात ठेवा आणि नुसते कान द्या. किती बोली ऐकू येतात मोजा. कोळशाच्या ट्रकवरची माणसं कुठून आलीत, पोडावरची म्हातारी डिंक विकताना कुठल्या भाषेत भाव सांगते, दुकानदार तिला कुठल्या भाषेत उत्तर देतो, ऐका. आणि तिच्या हातात शेवटी किती पैसे पडतात, तेही बघा.